सोमवार, बुधवार, शुक्रवारचे ग्राफ

आई मुलुंडला एकटी राहते आणि आम्ही अंधेरीला. बाबा गेल्यावर तिने आमच्याकडे यावं म्हणून मी बरेच दिवस तिच्या मागे लागलो होतो. "माझी माणसं इथे आहेत," एवढंच ती म्हणायची, आणि तेही खरंच होतं. तीस वर्षं तिने पालिकेच्या शाळेत बालवाडी घेतली. भाजीवाला, केमिस्ट, रिक्षा युनियनचा सेक्रेटरी, सगळे कधी ना कधी तिच्यासमोर मांडी घालून बसलेले. रस्त्यात भेटले की अजूनही "बाई" म्हणून थबकतात.

दीड वर्षापूर्वी तिच्या हृदयाचे ठोके मधूनच चुकायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं, फार दमायचं नाही म्हणून बजावलं. मी त्याच आठवड्यात तिच्यासाठी ठोके मोजणारं घड्याळ घेऊन गेलो. मी स्वतः रविवारी धावतो. धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या लोकांची एक वेबसाइट आहे, तिथे माझं खातं होतंच. आईचंही उघडलं. ती चालून आली की घड्याळातली माहिती तिच्या फोनवर, फोनवरून वेबसाइटवर आणि तिथून माझ्या ऑफिसातल्या स्क्रीनवर यायची. किती वेळ चालली, किती वेगाने चालली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ठोक्यांचा ग्राफ: डावीकडून उजवीकडे जाणारी लाल रेघ.

आईला मी एकच गोष्ट शिकवली होती. वरचं बटण दोनदा दाबलं की चालणं सुरू, खालचं दाबलं की बंद. "बाकी कशाला हात लावू नकोस. आणि मध्येच घड्याळ काढायचं नाही, काही झालं तरी."

"आंघोळीला पण?"

"आंघोळीला पण नाही. पाण्याने काही होत नाही त्याला."

दुपारी डबा उघडायच्या आधी मी तो ग्राफ बघायचो. रेघ नीट असली की जेवण गोड लागायचं. रात्री तिला फोन करायचो, पण तो दोन मिनिटांचा. औषध घेतलं का, जेवलीस का, बरं ठेवतो. तिच्या दिवसाचं मला सगळं माहीतच आहे असं मी धरून चाललो होतो.

मग एका सोमवारी ग्राफ आला नाही.

नोंद आली होती. पंचावन्न मिनिटं, चालणे. पण खाली जिथे लाल रेघ असायची तिथे नुसती राखाडी चौकट, आणि आत इंग्रजीत एक ओळ: या नोंदीसाठी आलेख दाखवता येत नाही. वेगाच्या ग्राफचंही तेच.

मी एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. काहीतरी बंद पडलं की लोक माझ्याकडे येतात आणि मी त्यांना ठरलेले प्रश्न विचारतो. त्यामुळे घाबरलो वगैरे नाही. पान पुन्हा उघडलं, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं, जाहिराती अडवणारं बंद करून बघितलं, जुना साठलेला कचरा पुसला. चौकट तशीच. माझ्या स्वतःच्या धावण्याचे ग्राफ मात्र व्यवस्थित दिसत होते. म्हणजे वेबसाइट ठीक, माझा कॉम्प्युटर ठीक, गडबड आईच्या टोकाला.

फोन लावला.

"आई, ब्लूटूथ चालू आहे का बघ जरा."

"ते कुठलं?"

"फोनवर वरून खाली बोट ओढ. निळं दिसतंय का?"

"सगळंच निळं दिसतंय. तुला काय हवंय ते सांग ना, माझी आमटी आहे गॅसवर."

"आज ग्राफ आला नाही तुझा."

आमटीवर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "येईल उद्या."

आणि खरंच आला. मंगळवारी लाल रेघ पहिल्यासारखी हजर. मी मनातल्या मनात विषय संपवला. बुधवारी पुन्हा राखाडी चौकट.

पट्टा सैल बसत असेल म्हणून तिला घट्ट बांधायला सांगितलं. गुरुवारी ग्राफ आला, शुक्रवारी गेला. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. एरवी ती सकाळी सातला चालायची, पण ग्राफ न आलेल्या नोंदी अकराच्या पुढच्या होत्या. विचारलं तर म्हणाली, "बाजारहाट करत चालते कधीकधी." मी बरं म्हटलं आणि पुढचा प्रश्न विचारला तो फोनच्या बॅटरीबद्दल.

रविवारी स्कूटर काढून मुलुंडला गेलो. आईने घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली होती. मी जेवायच्या आधीच घड्याळ मागून घेतलं. उलटं करून बघतो तर मागच्या काचेवर, जिथून हिरवा उजेड पडून ठोके मोजले जातात तिथे, पांढुरका थर. मला चोर सापडल्यासारखं झालं.

"हा बघ साबण! भांडी घासताना नीट धूत नाहीस तू."

"असेल रे," आई म्हणाली आणि माझ्या पानात आणखी एक घावणा टाकला.

काच पुसली, घड्याळातली प्रणाली नवी करून घेतली, फोनमधल्या सगळ्या परवानग्या तपासल्या. तिला घेऊन खालच्या रस्त्याने दोन चकरा मारल्या. ग्राफ झकास आला. चालताना आई नेहमीपेक्षा जास्त बोलत होती, इमारतीतल्या कुणाच्या तरी लग्नाचं काहीतरी सांगत होती. माझं लक्ष तिच्या मनगटाकडे होतं. घरी परतल्यावर बायकोला सांगितलं, की झालं काम, सेन्सरवर साबण होता.

दुसऱ्या दिवशी सोमवार. राखाडी चौकट.

आता मात्र मी चिडलो. घड्याळ साफ, फोन ठीक, सगळं तपासलेलं, म्हणजे यांच्याच सिस्टममध्ये घोळ. वेबसाइटच्या मदत विभागाला लांबलचक इंग्रजी पत्र लिहिलं. काय काय करून बघितलं ते क्रमाने लिहिलं, जरा तोऱ्यातच.

आठ-नऊ दिवसांनी उत्तर आलं. लिहिणारी कुणी बाई होती, सहीवरून एवढंच कळलं. तिने नम्रपणे तीन गोष्टी विचारल्या होत्या. ग्राफ सगळ्याच नोंदींचे जातात की काहींचे? काहींचे असतील तर त्यांच्यात समान काय आहे? आणि तुम्ही त्या नोंदी स्वतःच्या खात्यातून बघता आहात. ज्यांच्या नोंदी आहेत त्यांच्या खात्यातून उघडून बघितल्या का?

वाचून माझे कान गरम झाले. हे प्रश्न रोज मी लोकांना विचारतो. सगळ्यांचं बंद आहे की तुझ्या एकट्याचं? कधीपासून? किती वाजता? आणि स्वतःच्या आईच्या बाबतीत मी साबण पुसत बसलो होतो.

कागद घेतला. एका बाजूला ग्राफ असलेले दिवस लिहिले, दुसऱ्या बाजूला नसलेले. तीन आठवडे होत आले होते. दुसऱ्या बाजूला खाली खाली एकच ओळ येत गेली: सोमवार, बुधवार, शुक्रवार. सोमवार, बुधवार, शुक्रवार. एकही दिवस चुकलेला नाही.

यंत्र वार बघून बिघडत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बायको शेजारी बसून शेंगा सोलत होती. तिला कागद दाखवला. वारांवरून बोट फिरवत ती म्हणाली, "आपल्या खालच्या मजल्यावरचे काका असेच जायचे ना रे? एक दिवसाआड?"

काका डायलिसिसला जायचे. तेच माझ्याही डोक्यात आलं होतं. डॉक्टरने काहीतरी वेगळं सांगितलं असेल आणि तिने ते गिळून टाकलं असेल. बाबांच्या पहिल्या आजारपणात तिने असंच केलं होतं. माझी बारावी संपेपर्यंत मला पत्ता लागू दिला नव्हता.

"फोन कर आणि सरळ विचार," बायको म्हणाली.

मी फोन हातात घेतला आणि ठेवला. आधी त्या पत्रात तिसरं विचारलेलं करून बघू म्हटलं. आईच्या खात्याचा पासवर्ड मीच ठेवलेला, तो टाकून आत गेलो. एकटी बाई कुठून कुठे चालते ते जगाला कशाला दिसायला हवं, म्हणून तिच्या नोंदींचा नकाशा मी पहिल्याच दिवशी लपवला होता. त्यामुळे तो मलाही माझ्या खात्यातून दिसत नव्हता. तिच्या खात्यात मात्र होता. मंगळवारचा नकाशा म्हणजे घरापासून बागेपर्यंत आणि परत, सरळ दोरीसारखा. बुधवारचा उघडला तर रस्त्यावरून कुठे जाणंच नाही. पंचावन्न मिनिटं एकाच जागी रेघोट्यांचा गुंता, लहान मुलाने पाटीवर गिरवावं तसा. ठोक्यांचे आकडे पहिली तीन-चार मिनिटं होते, मग तुटक, मग काहीच नाही.

नकाशा मोठा केला. स्टेशनच्या पलीकडे, पालिकेचा तरणतलाव.

मला हसू आलं नाही. उलट काही कळेचना. कारण माझ्या आईला पोहता येत नाही. येत नाही म्हणजे पाण्याच्या जवळही ती जात नाही. मी लहान असताना आम्ही मे महिन्यात मनोरीला जायचो. मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसलं की आई डोळे मिटून बाबांचा दंड धरायची आणि पलीकडे उतरेपर्यंत सोडायची नाही. आम्ही पाण्यात डुंबायचो, ती लांब सुरूच्या झाडाखाली सगळ्यांच्या चपला आणि टॉवेल घेऊन बसायची. कुणी हाक मारली तर हात हलवायची. ही बाई आठवड्यातून तीन वेळा तरणतलावावर काय करते?

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तिला कळवलं नाही. बरोबर केलं की नाही, कुणास ठाऊक. त्या दिवशी एवढंच वाटत होतं, की विचारलं तर ती पुन्हा "येईल उद्या" म्हणेल.

साडेअकराला तलावाच्या फाटकाशी पोचलो. वॉचमनने हात आडवा केला.

"लेडीज बॅच चालू आहे साहेब. बारानंतर या."

"आत माझी आई आहे बहुतेक."

"असतील ना. बाराला बाहेर येतील."

भिंत उंच होती. आतलं काही दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. शिट्टी, पाण्याची थपथप, आणि बऱ्याच बायकांचं एकदम हसणं. मध्येच एक खणखणीत तरुण आवाज ओरडत होता, "गुडघे नका वाकवू आजी! पाय सरळ!" तिथे आजी किती होत्या कुणास ठाऊक. मी स्कूटरला टेकून उभा राहिलो. इथे कुणी आजारी माणसं येत नाहीत, एवढं त्या हसण्यावरून कळलं.

बाराला बायका बाहेर पडायला लागल्या. आई तिघीचौघींबरोबर आली. ओल्या केसांचा घट्ट आंबाडा, खांद्याला साडीच्या दुकानाची कापडी पिशवी, डोळ्यांभोवती पोहण्याच्या चष्म्याचे लाल वळ. ती मैत्रिणीला हातवारे करून काहीतरी दाखवत होती. मला बघितल्याबरोबर तिचा चेहरा उतरला.

"तू हय कसो? घरात सगळी बरी आसत मा?"

घाबरली की तिला मालवणीच सुचते. मी घाईघाईने म्हटलं, "सगळे बरे आहेत. मी तुलाच बघायला आलो."

तिने माझ्याकडे बघितलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. "ह्याने सांगितलं?"

"ह्याने सांगितलं नाही, म्हणून तर आलो."

मैत्रिणी गालातल्या गालात हसत पांगल्या. आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन बसलो. आईने न विचारता दोन इडल्या, एक मेदूवडा मागवला आणि ताटली येताच खायला सुरुवात केली. मी तिला इतकं भराभर खाताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"डॉक्टरांना विचारलंस?" मी विचारलं.

"त्यांच्या सहीशिवाय फॉर्म घेतच नाहीत. त्यांनी तपासलं, ईसीजीच्या पट्ट्या काढल्या, मग सही केली. म्हणाले, हळूहळू करा, दम लागला की थांबा." तिने चमचा खाली ठेवला. "तुला सांगितलं असतं तर तू पहिला फोन डॉक्टरला केला असतास. दुसरा त्या शिकवणाऱ्या मुलीला. मग मला. माझा नंबर तिसरा."

तिने अगदी बरोबर ओळखलं होतं.

"पण तू? पाण्यात? मनोरीला कधी पाय नाही बुडवलास."

तेव्हा तिने सांगितलं. मी बेचाळीस वर्षांचा, आणि हे पहिल्यांदा ऐकत होतो. तिचं माहेर खाडीच्या काठी. शाळा पलीकडच्या तीरावर, रोज होडीने जायचं. एकदा पावसाळ्याच्या तोंडाला, धक्का अगदी जवळ आलेला असताना होडी कलंडली. सात-आठ पोरं पाण्यात पडली. मुलगे पोहत काठाला लागले. मुलींना कुणी पोहायला शिकवलंच नव्हतं. होडीवाल्याने हिला वेणीला धरून बाहेर ओढलं. कुणाला काही झालं नाही, पण हिची शाळा त्या वर्षी सुटली ती सुटलीच. पुढे मुंबईत आल्यावर रात्रशाळेत शिकून तिने बालवाडीचा कोर्स केला, हे मला माहीत होतं. मधली शाळा का सुटली, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"माझे भाऊ हसायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, वेणी होती म्हणून वाचलीस. मला त्याचा राग यायचा. पाण्याचा नाही रे, त्याचा."

"मग आता कसं सुचलं?"

"सकाळी चालायला बरोबर असते ती बाई इथे नाव घालत होती. म्हणाली, चल सोबतीला. मी म्हटलं नुसती बसेन काठावर. तिथे ती शिकवणारी पोर आहे ना, ती म्हणाली, आजी, बसायला इथे जागा नाही, एकतर आत या नाहीतर घरी जा." आई हसली. "पहिला आठवडा कंबरभर पाण्यात दांडी धरून नुसती चालले. दांडी सोडली नाही. दुसऱ्या आठवड्यात एका हाताने सोडली. आज तरंगले. त्या पोरीने पाठीखालून हात काढून घेतला आणि मला कळलंच नाही."

"आणि घड्याळ?"

"तूच सांगितलंस ना, काढायचं नाही, पाण्याने काही होत नाही. पाण्यात चालत होते म्हणून चालायचं बटण दाबलं. दुसरं कुठलं मला येतंय?"

मागच्या काचेवरचा तो पांढरा थर तलावातल्या औषधाचा होता. मी तिला घरी सोडलं, संध्याकाळपर्यंत थांबलो. त्या दिवशी मी घड्याळाला हात लावला नाही. ती बोलत होती, मी ऐकत होतो. शिकवणारी मुलगी कशी ओरडते, पोहण्याचा पूर्ण बाह्यांचा पोशाख घालून पहिल्या दिवशी तिला किती लाज वाटली, आणि आत गेल्यावर सगळ्याच तशा असल्याने ती लाज कशी पाच मिनिटांत गेली. निघताना दारात म्हणाली, "तुका सांगूचा होता. पण आधी माका येवंदे, मग सांगूया म्हटलं." तिला एकदा ते येऊ दे, मग मला सांगायचं, असं तिने ठरवलं होतं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी कपाळाला हात लावला, मग फोन उचलून आईशी पाऊण तास बोलली.

मदत विभागाच्या बाईंना मी उत्तर लिहिलं, या वेळी छोटं. कारण सापडलं: पाणी. त्यांनी समजावून सांगितलं की मनगटावरचा उजेड आणि जागा, वेग सांगणारा सिग्नल पाण्यात नीट काम करत नाहीत, आणि आकडे फारच तुटक आले तर चुकीची रेघ काढण्यापेक्षा वेबसाइट ती काढतच नाही. घड्याळात पोहण्याचा वेगळा प्रकार आहे, तो निवडला तर फेऱ्या मोजल्या जातील. ठोके हवेच असतील तर छातीला बांधायचा पट्टा मिळतो.

पट्ट्याचं आईला विचारलं. "मी काय घोडा आहे?" ती म्हणाली. तो विषय तिथेच मिटला. पुढच्या तपासणीला मी तिच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी पुन्हा पट्टी काढली आणि मला म्हणाले, "तब्येत सुधारली आहे यांची. तुम्हाला माहीत होतं ना पोहण्याचं?" आई खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, "हो, माहीत आहे."

पोहण्याचा प्रकार लावायला मी तिला शिकवलं, पण सोमवार, बुधवार, शुक्रवारी ठोक्यांची चौकट अजून राखाडीच असते. सुरुवातीचे काही दिवस त्या वेळी माझं कामात लक्ष लागायचं नाही. बारा वाजून गेले की फोनकडे बघत राहायचो. हळूहळू ते कमी झालं, कारण सव्वाबाराला तीच फोन करायला लागली. कानात पाणी गेल्यामुळे ओरडून बोलते.

चार महिन्यांनी, एका बुधवारी, असाच फोन आला. तलावाच्या आडव्या बाजूने ती आता दांडीशिवाय जाऊन येते.

"हे तुझं घड्याळ खोटारडं आहे," ती म्हणाली.

"काय झालं?"

"आज मी बारा फेऱ्या मारल्या. हे नऊ दाखवतंय. तीन खाल्ल्या त्याने."

"तरंगायची फळी धरून मारल्यास का काही? फळी धरली की हात हलत नाहीत, मग ते मोजत नाही."

"तीन फळीवर मारल्या. मग? त्या काय पाण्याबाहेर मारल्या?"

"तसं नाही आई..."

"ते काही नाही. त्या मदतवाल्या बाईला पत्र लिही. मी सांगते, तू लिहून घे."

मी डबा बाजूला सारला आणि लिहायला घेतलं. ती एकेक वाक्य सांगत होती, बालवाडीत सांगायची तसं, सावकाश आणि स्वच्छ. फेऱ्या बारा झाल्या आहेत. त्या मी स्वतः मोजल्या आहेत. शिकवणाऱ्या मुलीनेही मोजल्या आहेत. कृपया नोंद दुरुस्त करावी.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"आता खाली माझं नाव घाल," आई म्हणाली, "तुझं नको."